पणजीचं माहेर

पहाटे सव्वापाच

मोडी वाचायची ती उजाडायच्या आत. गल्लीत गाड्या सुरू झाल्या की नजर ओळीवर ठरत नाही, आणि मोडीत नजर ठरली तर अर्धं काम झालं. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या असतात. मग त्या रेघेखाली तो हात न उचलता अक्षरं काढत जातो. शब्द कुठे संपला ते सांगत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. एखादा कारकून 'स' कसा वळवतो, 'र' कुठे दडवतो, हे त्याच्या हातची बरीच पानं वाचल्यावरच कळतं. एकदा तो हात ओळखीचा झाला की पुढची पानं भराभर सुटतात.

आजचा कागद लालबागहून फोनवर आलाय. पोलादपूर तालुक्यातल्या एका कुणबी घराची चौथी पिढी तिथे आहे. चाळ पाडायची म्हणून ट्रंका रिकाम्या केल्या, तेव्हा एकीच्या तळाशी हा घडी पडलेला कागद मिळाला. पहिल्याच ओळीवरून कळलं की ही कबुलायत आहे, कुळाने खोताला लिहून दिलेली. साल फसली १३०१. त्यात ५९० मिळवले की १८९१. शके असतं तर ७८ मिळवले असते, शुहूर सन असता तर ५९९. हा हिशेब सोपा असतो. अवघड असतं ते कागदावरचं साल यांपैकी कुठलं हे ओळखणं, आणि त्यासाठी आजूबाजूचे महिने, खोताचं नाव, स्टॅम्पाचा छाप असं सगळं बघावं लागतं.

लिहून देणार अमुक बिन तमुक. आडनाव नाही. त्या काळच्या कुळाच्या कागदात ते क्वचितच दिसतं. दोन पिढ्यांची नावं मात्र मिळाली आणि मौज्याचं नाव स्वच्छ वाचता आलं. मी ती तिन्ही नावं बाळबोधीत उतरवून घेतली आणि चहा टाकला.

पावणेसात

लालबागच्या दादांचा फोन. "ताई, लागलं काही?" मी कबुलायतीचा मजकूर वाचून दाखवला. पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी बायकोला हाक मारून तोच मजकूर मला पुन्हा वाचायला लावला.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण दाखल्यासाठी येतात, आणि त्यात वावगं काही नाही. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. पोरांची कॉलेजं, नोकऱ्या त्या एका कागदावर अडलेल्या असतात. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला सवड म्हणून उरलेली नाही. वर्षानुवर्षं न सोडलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्या निमित्ताने सुटले, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट झाली.

पण दाखला हातात पडला की बहुतेक घरांतला शोध तिथेच थांबतो. प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ बाप, आजा, पणजा, खापरपणजा अशी सरळ खाली उतरते. त्यांत एकही बाई नसते. लालबागच्या या घराला दाखला कधीच मिळालाय. दादांच्या मुलीने त्यांना विचारलं, "आपल्या पणजीचं नाव काय होतं?" त्यांना सांगता आलं नाही. दादांच्या आजोबांची आई, म्हणजे दादांची पणजी आणि मुलीची खापरपणजी. घरात सगळे तिला नुसतं पणजीच म्हणतात. ती आजोबांच्या लहानपणीच गेली, एवढंच घरात ठाऊक होतं. आजचा दिवस तिच्यासाठी आहे.

साडेआठ, महाड स्टँड

पोलादपूरची गाडी लागायला वेळ आहे. या शहरात भिंतीवर बोट ठेवून पुराची सालं सांगतात. २००५ ची खूण कुठे, २२ जुलै २०२१ ची कुठे. त्या रात्री सावित्रीचं पाणी घरादारांत शिरलं आणि किती घरांतल्या ट्रंका, खतपत्रं, लग्नाचे फोटो चिखल होऊन गेले त्याची गणती कुणी केलेली नाही. म्हणून मी भेटेल त्याला एकच सांगते: जुना कागद वाचता येत नसला तरी आज त्याचा फोटो काढा आणि तो दोन ठिकाणी ठेवा. वाचायला माणूस पुढे मिळेल, कागद मिळणार नाही.

साडेनऊ, पोलादपूर

इथे रस्ता फुटतो. एक कशेडीकडून खेड-चिपळूणला उतरतो, दुसरा कापड्यावरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातो. माणसांच्या वाटाही अशाच दोन. घाटावरून सोयरिका आल्या आणि खाली खाडीकडून माणसं मुंबईला गेली. दासगावच्या बंदरातून पडावाने बाणकोट आणि पुढे आगबोट, असा तो प्रवास जुनी माणसं सांगतात.

गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ज्याने शिवरायांचं चरित्र संस्कृतात बांधलं, तो 'शिवभारत'कार इथे विसावला. पलीकडे उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी. शिवाय हा सगळा जावळीच्या मोऱ्यांचा शेजार. म्हणून इथल्या बऱ्याच घरांना आपलं मूळ १६५६ च्या जावळीत किंवा १६७० च्या सिंहगडावर सापडावं असं वाटतं. मला त्यांचा तो अभिमान आवडतो. पण कागद तसा चालत नाही. साध्या कुळाचा कागद इंग्रजी अमदानीतल्या पाहणीच्या आसपास सुरू होतो आणि त्याच्या मागे अंधार असतो. मधली दोनशे वर्षं गृहीत धरून वर चंद्रराव मोऱ्यांचं नाव लिहायला मी साफ नकार देते. माणसं नाराज होतात. तरी जे दिसलं तेवढंच लिहायचं, हा नियम मोडला तर बाकीच्या खऱ्या नावांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

साडेदहा, अभिलेख कक्ष

अर्ज, त्यावर कोर्ट फीचा स्टॅम्प, गावाचं नाव, नमुना क्रमांक, अंदाजे साल. गावाचं नाव लिहिताना जुना पत्ताही लिहायचा. जिल्हा कुलाबा, रायगड हे नाव १९८१ पासूनचं. तालुका महाड आणि पोलादपूर नुसता महाल. अर्जावर 'तालुका पोलादपूर' एवढंच लिहिलं तर जुना गठ्ठा हाताला लागत नाही.

मी मागितलंय ते गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. सगळे त्याला कोतवाल बुक म्हणतात, कारण जन्म आणि मरण गावच्या कोतवालाकडून पुढे कळायचं. हक्कनोंदीत जमीन असलेल्याचं नाव सापडतं. सातबारा, फेरफार, पाहणीपत्रक ही सगळी जमिनीची पुस्तकं आहेत. ज्याच्याकडे जमीन नव्हती तो तिथे नाही आणि बायका तर फारच थोड्या. कोतवाल बुकात मात्र सगळे येतात. खोताचा नातू, कुळाचं तान्हं, महारवाड्यातली म्हातारी, सगळे एकाखाली एक. इथल्या गरिबांचं एवढं मोठं लिखित पुस्तक दुसरं नाही, असं मी मानते.

रुमाल सुटला. कडा करपल्यागत तपकिरी झालेल्या, काही पानं कसरीने चाळणी केलेली. पान उलटताना तळहात खालून पूर्ण द्यावा लागतो. १९१२ चा जन्म सापडला: दादांच्या आजोबांचा. बापाच्या बापाचं नाव कबुलायतीतल्या नावाशी जुळलं. लिहून देणाऱ्याचा मुलगा आणि त्याला झालेला हा मुलगा. आईचा रकानाच नाही.

मग मी मृत्यूंकडे वळले. १९१४, १५, १६. पानावर चार-सहा नोंदी. कारणाच्या रकान्यात हिवताप, हगवण, जुनाट दुखणं, सर्पदंश. १९१७ तसंच. १९१८ चा पावसाळाही तसाच. आणि मग ऑक्टोबर.

ऑक्टोबराचं पहिलं पान भरलेलं, दुसरं भरलेलं, तिसऱ्यावर कारकुनाचा हात बदललेला. कारण एकच: ताप. खाली ताप, त्याखाली ताप, पुढे नुसती तीच खूण वरून खाली. इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट त्या महिन्यात मुंबई इलाख्यात सगळ्यांत जोरात होती. देशात कोटीहून जास्त माणसं गेली. ते आकडे पुस्तकात वाचून मला जे कधी कळलं नाही ते या तीन पानांवर कळतं, कारण इथे एकेका घराचा पत्ता लागतो. एकाच बापाच्या नावासमोर दोन पोरं, तीन दिवसांच्या अंतराने. ज्या कारकुनाचा हात बदलला त्याचं काय झालं असेल, हाही प्रश्न मनात येतोच.

तिसऱ्या पानाच्या मध्यावर कबुलायतवाल्याच्या मुलाचं नाव आलं आणि पुढे 'याची बायको'. वय अंदाजे २५. कारण ताप.

नाव लिहिलेलं नाही. कोतवालाने घरच्यांना विचारलं नसेल असं नाही. विचारून त्याने कचेरीत सांगितलं असेल आणि लिहिणाऱ्याला गरज वाटली नसेल. सरकारला मरणाचा आकडा हवा होता, तो मिळाला. मी नकलेचा अर्ज भरला, नोंद मूळ पानाशी दोनदा ताडून घेतली आणि बाहेर आले. दादांना फोन केला नाही. अर्धी गोष्ट सांगून माणसाला दिवसभर तसंच ठेवायला मला जमत नाही.

एक

स्टँडजवळच्या खानावळीत भात आणि तांदळाची भाकरी. महाडचे एक तरुण शिक्षक भेटायला आलेत. त्यांचे पणजोबा २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर होते असं घरात सांगतात, आणि त्याचा कागद त्यांना हवाय. मी सांगितलं, त्या दिवशी ओंजळीने पाणी पिणाऱ्यांची हजेरी कुणी घेतली नव्हती. तरी कागदाच्या वाटा आहेत. डॉ. आंबेडकरांनी पुढच्याच महिन्यात 'बहिष्कृत भारत' सुरू केलं, त्यात सत्याग्रहाच्या हकिकती येतात. तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दिवाणी कोर्टात दाखल झाला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात निकाली निघाला. त्या दहा वर्षांच्या कामकाजात साक्षी आहेत. शिवाय घर वतनदार असेल तर महार वतनाच्या नोंदींत वारसांची साखळी मिळते, आणि पलटणीत कुणी असेल तर पेन्शनीचा कागद. या भागातून पलटणीत गेलेली माणसं पुष्कळ. पोलादपूर-महाडच्या दलित घरांचा इतिहास शोधणं अशक्य आहे असं जे सहज बोललं जातं ते खरं नाही. शोधणारे कमी आहेत एवढंच.

दोन

वाटेवरच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. लोकल बोर्डाच्या काळातलं, पुठ्ठ्याचं. गुरुजींनी आधीच काढून ठेवलं होतं आणि शेजारी बसून माझ्याबरोबर ते वाचत होते, याचा मला फार आनंद झाला. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून. गुरुजींनी पोराचे दात बघून वय ठरवायचं आणि तारीख शाळेच्या सोयीची टाकायची.

दादांच्या आजोबांची नोंद मिळाली. इथे प्रथमच आडनाव दिसतं. एका वर्गात एका नावाची तीन पोरं असली की मास्तरांना आडनाव लागतंच. पालकाच्या रकान्यात बापाऐवजी चुलत्याचं नाव, आणि शाळा सोडल्याचं कारण 'मुंबईस गेला'. या रजिस्टरात ते दोन शब्द पानोपानी आहेत. पोर अकरा-बारा वर्षांचं झालं की मुंबईस. गिरणीत आधी बदली म्हणून, मग कायम. गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळवाल्या बाईकडे जेवायचं आणि गणपती-शिमग्याला गावी यायचं.

जाता जाता सांगते, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्या शोधाच्या कामात सोन्यासारख्या आहेत. देवळाच्या कौलांसाठी कुणी किती आणे दिले याची यादी म्हणजे त्या सालातलं अख्खं गाव घरवार. लालबाग-परळच्या चाळी पाडल्या जातायत तशा या वह्या रद्दीत चालल्यात. ज्या मंडळाकडे जुनी वही असेल त्याने ती आजच स्कॅन करून घ्यावी, ही माझी हात जोडून विनंती आहे.

साडेतीन

कापड्यापर्यंत गाडी, पुढे मिनीडोर. शिमगा नुकताच झालाय, पालख्या देवळात परतल्यात. डोंगर करडे पडलेत आणि मधेच एखादा पांगारा फुललेला. मिनीडोरवाला समोरच्या उतारावरचा मातीचा उघडा पट्टा दाखवतो. जुलै २०२१ मध्ये तळियेवर डोंगर आला तेव्हाच या तालुक्यात साखरच्या सुतारवाडीवर आणि केवनाळ्यावरही दरड कोसळली. माणसं गेली. वाडीतल्या सगळ्यांची नाती ज्यांना तोंडपाठ होती अशी माणसंही त्यांत असणार, हे या कामात पडल्यापासून मला टोचत राहतं.

गावातली घरं अर्ध्याहून जास्त बंद. दादांच्या घराचं आता नुसतं जोतं उरलंय, त्यावर एक कोकंबाचं झाड. शेजारच्या घरात भावकीतल्या आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले. पडवीत बसलं की पुरुष माणसं येऊन बसतात आणि सगळी उत्तरं तीच देतात. बायकांची माहिती हवी असेल तर चुलीपाशीच बसलं पाहिजे.

थेट नाव विचारायचं नाही, हेही अनुभवाने कळलंय. आधी स्वतःच्या सासरची, पिकापाण्याची चौकशी. मग त्यांच्या सासूविषयी. सासूविषयी बोलायला लागलं की म्हाताऱ्या बायका दोन पिढ्या मागे आपोआप जातात, कारण सासूने सांगितलेलं त्यांना स्वतः पाहिल्यासारखं आठवतं.

"माजी सासू बारीक होती तवा तिची थोरली जाव गेली," आजी म्हणाल्या. "तापाचं साल. दसऱ्याच्या सुमाराला. धा दिसांत ह्या वाडीतली लय माणसं गेली. उचलायला माणूस न्हाय. सासू सांगायची, आमी दारं लावून बसलो व्हतो."

थोरली जाऊ म्हणजे कुणाची बायको, मी विचारलं. त्यांनी सांगितलेलं नाव आणि सकाळच्या रुमालातलं नाव एकच.

"तिचं पान आमी आजून घालतो की."

मी वही खाली ठेवली. पान म्हणजे म्हाळाचं. पितृपंधरवड्यातली नवमी ही अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींची. तिचा नवरा मुंबईला गेला, पोरगंही गेलं, मागे पान घालणारं कुणी राहिलं नाही, म्हणून धाकट्या जावेने ते घातलं. तिच्या मागून तिच्या सुनेने. शंभरावर वर्षं झाली, या चुलीवर भाद्रपदात त्या पंचविशीतल्या बाईसाठी भात शिजतोय. पान घालताना नाव घ्यावं लागतं. म्हणून नाव राहिलं.

आजींनी ते नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ते आधी त्या घराने ऐकायचं आहे. पण आजींनी आणखी एक सांगितलं. "नावानं कोन हाक मारत व्हतं? सगळी तिला कुंभरोशीची म्हनायची. घाटावरची ती. गोरीपान व्हती म्हनं, आनि जात्यावर बसली की तिच्या गळ्यासाठी बाया उठून यायच्या."

जात्यावर ती काय गायची, हे मी विचारलं. आजींच्या सासूला त्यातलं येत होतं, आजींना नाही. तो धागा तिथे तुटला.

वाडा कुंभरोशी प्रतापगडाच्या पायथ्याशी, आंबेनळी चढून गेलं की लागते. आज ती सातारा जिल्ह्यात आहे. म्हणजे पुढचा शोध दुसऱ्या जिल्ह्याच्या दप्तरात. तिथला मुलूख १८४८ पर्यंत सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद वेगळ्या पद्धतीने लिहिलेले आणि वेगळ्या ठिकाणी ठेवलेले. एक बाई लग्न करून घाट उतरली की तिच्या मागावर जाणाऱ्याला दोन दप्तरांत फिरावं लागतं. पुरुष सहसा जागेवर सापडतो, त्याच सर्व्हे नंबरावर, बापाच्या खाली.

सव्वापाच, देऊळ

गावकरांच्या घरातले एक काका देवळात भेटले. पालखी कुठल्या क्रमाने घरोघर जाते ते मी त्यांच्याकडून लिहून घेतलं. पहिली गावकराकडे, मग थोरल्या घराकडे, मग मधल्या, मग धाकट्या. दादांच्या घराचा मान मधल्या शाखेतला. घर पडलं तरी पालखी अजून त्या जोत्यापाशी क्षणभर थांबते आणि नारळ ठेवून पुढे जाते. कबुलायतीतलं घर कुठल्या शाखेचं, हे कागद सांगत नव्हता. क्रम बघितल्यावर जुळलं. कागदापेक्षा हा पुरावा कच्चा आहे हे खरं. मानासाठी भांडणं झालेली असतात, कोर्टापर्यंत गेलेली असतात, क्रम बदललेले असतात. म्हणून मी नोंदीसमोर 'पालखीच्या मानावरून' असं स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे कुणाला तपासायचं असेल तर तपासता येईल.

सात

परतीच्या गाडीत डोळा लागला.

साडेआठ, महाड

लालबागला फोन. दादा, वहिनी, मुलगी तिघं स्पीकरवर. त्यांची एक पुतणी इंग्लंडात, वर्दिंग नावाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावात राहते; तिलाही जोडून घेतलं. मी आधी कोतवाल बुकातली ओळ वाचली, 'याची बायको' पर्यंत. मग आजींनी सांगितलेलं नाव. मग पानाची गोष्ट. दादा रडले. मोठ्याने रडले, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

मुलीने लगेच विचारलं, "म्हणजे त्या आजींचं आपण किती देणं लागतो?" ती येत्या भाद्रपदात गावी जाणार आहे.

पुतणीने वेगळं सांगितलं. तिच्या शेजारच्या इंग्रज बाई आपल्या घराण्याचा शोध घेतायत आणि त्यासाठी चिचेस्टरच्या रेकॉर्ड ऑफिसात खेपा घालतात. त्यांच्याकडे चर्चच्या वह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम झालेला, १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंद, १८४१ पासून नावानिशी जनगणना. शंभर वर्षं झाली की जनगणनेची घरवार पानं खुली होतात. १९२१ ची २०२२ मध्ये झाली. शिवाय दफनभूमीत दगडावर नाव कोरलेलं. "आपल्याकडे असं का नाही?" तिचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे जनगणनेची घरवार पानं शोधणाऱ्याला मिळत नाहीत, आणि चितेवर दगड राहत नाही. पण तिनेच पुढे सांगितलं की त्या बाईही अडल्यात. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीला बापाचं नाव-आडनाव आणि आईचं नुसतं पहिलं नाव. त्यांच्या खापरपणजीचं, एका कोळ्याच्या बायकोचं, माहेर त्यांना सापडत नाही. वर्दिंगच्या कोळ्याची बायको आणि पोलादपूरच्या कुळाची बायको, दोघींच्या बाबतीत लिहिणाऱ्याने एकाच जागी लेखणी उचलली.

त्यांना म्हणावं, मी पुतणीला सांगितलं, मरणाऱ्याच्या नावाने दरवर्षी कुणी काही करत होतं का ते विचारा. घरातल्या थोरल्या बायकांना विचारा. दप्तर संपतं तिथे पुष्कळदा स्वयंपाकघर सुरू होतं.

दहा

वंशावळ काढायला बसले. मी ती सरळ खाली उतरणारी काढत नाही. प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या बायकोचा चौकोन, तेवढ्याच आकाराचा, आणि त्यात तीन ओळी: सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव. मुलींचेही चौकोन, कुठे दिल्या ते गाव धरून. दाखल्यासाठी एवढं लागत नाही आणि काही घरांना ते आवडतही नाही. बहिणींची नावं आली की हिश्श्याचा प्रश्न येईल अशी भीती वाटते. मी तरी ते चौकोन गाळत नाही. ज्यांना गाळायचे त्यांनी दुसऱ्याकडून काढून घ्यावी.

आजच्या चौकोनात सासरचं नाव भरलं, पुढे कंसात 'आजींच्या सांगण्यावरून, अविधवा नवमीचं पान'. मृत्यू ऑक्टोबर १९१८, कोतवाल बुक. माहेरचं गाव कुंभरोशी. माहेरचं नाव रिकामं. लग्नात नाव बदललं असणार, तेव्हा कुंभरोशीच्या जन्मनोंदीत सासरच्या नावाने ती सापडणार नाही. मृत्यूच्या वेळी वय २५ म्हणजे जन्म १८९३ च्या आसपास, दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे. त्या सालांत गावात जन्मलेल्या मुलींची यादी करायची, आणि कुठल्या घरातून पोलादपूरच्या खोऱ्यात सोयरीक गेली होती ते तिथल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायचं. तिच्या भावाचं घर तिथे अजून असेल तर मामाचं गाव म्हणून दादांना तिकडे जाता येईल.

सकाळी साडेसहाची महाबळेश्वर गाडी. अर्ज आत्ताच लिहून ठेवते: नमुना १४, सन १८९० ते १८९६, मौजे कुंभरोशी.